जुनी ३५० सीसी गाडी घाटातून उतरवताना: कोणता गिअर, किती ब्रेक, आणि डिस्क बसवावी का?

चढणीचा_गडी

सत्तरच्या दशकातली एक ३५० सीसी ट्विन (दोन सिलिंडरची) सध्या हाताशी आहे. चार स्ट्रोक, पाच गिअर, दोन कार्बोरेटर, पुढे ट्विन लीडिंग शू ड्रम (ब्रेकचे दोन्ही शू चाकाच्या फिरण्याने ड्रमकडे ओढले जातात असा) आणि मागे साधा ड्रम. इंजिनाचं पूर्ण काम झालंय आणि चढाला गाडी मस्त पळते. तिसऱ्या गिअरला वळणात शिरायचं, मधोमध हळूहळू रेस वाढवायची, बाहेर पडताना दोन्ही सायलेन्सरचा आवाज एकत्र चढतो. हा आवाज ऐकायला मी मुद्दाम लांबचा वळणावळणांचा रस्ता घेतो.

अडचण उतरताना आहे. मोठा घाट असेल तर अर्ध्यावर पुढच्या ब्रेकची लिव्हर ग्रिपच्या जवळ यायला लागते. आणखी थोडं उतरलं की जोर लावूनही गाडी हवी तशी दबत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सगळं ठीक. लायनर नवे, केबल नवी, ड्रम लेथवर मारून गोल करून घेतलेला.

ओळखीतले अर्धे लोक म्हणतात नंतरच्या मॉडेलचा फोर्क आणि डिस्क बसव. बाकीचे म्हणतात गाडीची वाट लावू नकोस. मला वाटतं ही गाडी बनली तेव्हाही डोंगर होते आणि लोक याच ब्रेकवर ते उतरत होते. मग चालवण्यात काय बदलायला हवं? गिअर कोणता ठेवता? हेअरपिनमध्ये ब्रेक कसा धरता? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं.

---

ड्रमपंथी

तुम्ही वर्णन केलंय ते ब्रेक फेड. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. त्यामुळे लिव्हर जास्त दाबावी लागते. लायनर तापला की त्याची पकडही कमी होते. डिस्कमध्ये उलट असतं, तापलेली डिस्क जाड होते आणि पॅडच्या दिशेने सरकते, म्हणून तिथे लिव्हर अशी आत जात नाही.

पण मला एक विचारायचंय. ड्रम लेथवर मारलात, ठीक. शूसुद्धा त्या नव्या मापाला घासून घेतले का? ड्रम मारला की त्याचा व्यास वाढतो. जुन्या मापाचे शू मग फक्त मधल्या पट्ट्यात टेकतात, दोन्ही टोकं हवेत. सगळी उष्णता त्या थोड्या जागेत तयार होते आणि ब्रेक लवकर सुटतो. लायनरवर खडू फासा, चाक बसवा, ब्रेक हलका धरून चाक फिरवा, उघडून बघा. खडू कुठे पुसला गेलाय ते दिसेल.

दुसरं, ट्विन लीडिंगमध्ये दोन कॅम असतात आणि त्यांना जोडणारी एक दांडी. तिची लांबी बरोबर नसेल तर एक शू आधी टेकतो आणि दुसरा नुसता सोबतीला राहतो. म्हणजे तुम्ही अर्ध्या ब्रेकवर घाट उतरताय.

---

किकमारे

ड्रमपंथी यांना +१. खडूची युक्ती सोन्यासारखी आहे.

---

हिशेबनीस

थोडं गणित मांडतो, त्याने प्रश्न मोकळा होईल.

गाडी आणि माणूस मिळून २४० किलो धरा. १००० मीटर उंची उतरायची तर साधारण २३.५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. हीच गाडी ताशी ६० वरून पूर्ण थांबवायला सुमारे ३३ हजार ज्यूल जातात. म्हणजे १००० मीटरचा घाट ब्रेकवर उतरणं म्हणजे ६० च्या वेगावरून जवळपास सत्तर वेळा गाडी थांबवणं. सपाटीवर लागोपाठ सत्तर वेळा अशी थांबवली तर कुठल्याही ड्रमचं काय होईल?

आता दुसरी बाजू. ७ टक्के उतारावर ताशी ४० च्या स्थिर वेगाने उतरताना साधारण १.८ किलोवॅट घालवावे लागतात. त्यातला जवळजवळ अर्धा भाग वारा आणि टायरचं घर्षण खातं. उरतो एक किलोवॅटच्या आसपास. एवढं तुमचं इंजिन योग्य गिअरमध्ये सहज खाऊ शकतं, आणि त्याला हवेने थंड व्हायला बाहेरून फिन्स (पातळ पट्ट्या) दिलेल्या आहेत. म्हणून वेग धरून ठेवण्याचं काम इंजिनाचं. ब्रेकचं काम फक्त वळणाआधी वेग तोडण्याचं.

वेगाचंही लक्षात घ्या. उतार ८ टक्के असेल तर सपाटीवर २५ मीटरमध्ये थांबणारी गाडी त्याच ब्रेकवर सुमारे ३१ मीटर घेते. हे मी ताशी ५० आणि जुन्या ड्रमला झेपेल अशा मध्यम ब्रेकिंगवर काढलंय. सहा मीटर म्हणजे घाटातल्या रस्त्याची जवळजवळ पूर्ण रुंदी.

---

थंपरप्रेमी

हिशेबनीस, सत्तर वेळा हा आकडा मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

माझी जुनी बुलेट ३५०. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, जड फ्लायव्हील. हिच्यासारखी गाडी उतारावर दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या गिअरला टाकून रेस सोडली की इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकला हात लावायचा तो फक्त हेअरपिनच्या आधी. जुना नियम आहे, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. ट्रकवाले पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत.

एकच सांगणं, उजव्या पायात गिअर असलेली गाडी नवीन शिकत असाल तर आधी सपाटीवर भरपूर चालवा. ब्रिटिश पद्धतीत गिअर उजवीकडे, पहिला वर आणि बाकीचे खाली, मागचा ब्रेक डाव्या पायाला. अमेरिकेने १९७५ च्या मॉडेलांपासून डावीकडचा गिअर सक्तीचा केला, त्यानंतर जगभर तीच पद्धत रुळली. डाव्या गिअरच्या गाडीवर वाढलेला माणूस घाबरला की उजवा पाय दाबतो. उतारावर तेव्हा ब्रेकऐवजी वरचा गिअर पडतो आणि गाडी मोकळी सुटते. हे वाचून नाही जात, पायाला सवय लागावी लागते.

---

निळा_धूर

थंपरप्रेमी, तुमचा नियम चार स्ट्रोकसाठी. टू-स्ट्रोकवाल्यांनी तो जसाच्या तसा घेऊ नये, कृपया.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी गाडी असेल (जावा, येझदी वगैरे) तर ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं. रेस बंद, आरपीएम चढलेला, उतार लांब: पेट्रोल जवळजवळ बंद म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद. पिस्टन मात्र पळतोच आहे. तापलेल्या इंजिनात हे जास्त वेळ चाललं तर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक तिथेच लॉक होतं.

हा धोका कंपन्यांनाही माहीत होता. साबच्या टू-स्ट्रोक मोटारींमध्ये फ्रीव्हील दिलेलं असायचं, रेस सोडली की चाकं इंजिनापासून मोकळी. ते याच कारणासाठी.

मग मोटारसायकलवर काय करायचं? मी हे करतो: एक गिअर वरचा ठेवतो म्हणजे आरपीएम कमी राहतो, आणि दर थोड्या अंतराने क्लच दाबून एक छोटी रेस देतो. त्या रेसबरोबर ऑइलचा घोट आत जातो. वेग त्याच हिशेबाने कमी ठेवतो, कारण ब्रेकवर भार जास्त येतो. यामाहा आरडी ३५० सारख्या ऑटोल्यूबवाल्या (वेगळ्या टाकीतलं ऑइल पंपाने देणाऱ्या) गाडीत पंप इंजिनाच्या फेऱ्यांवरही चालतो, त्यामुळे रेस बंद असली तरी थोडं ऑइल येत राहतं. तिथे परिस्थिती बरी आहे, तरी रेस देण्याची सवय मी तिच्यावरही मोडलेली नाही.

---

पेट्रोलबचत

आमच्या ओळखीतले जुने लोक उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायचे. एक थेंब पेट्रोल लागत नाही आणि इंजिनही थंड राहतं. मला तरी यात गैर दिसत नाही, वेग कमी ठेवला की झालं.

---

ड्रमपंथी

पेट्रोलबचत, आदर राखून पूर्ण असहमत. वर हिशेबनीस यांनी आकडा दिलाय. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार दोन ड्रमवर येतो. आणि वळणाच्या मध्ये खडी दिसली, समोरून बस आली, तर गाडी सरळ करायला रेस लागते. ती कुठून आणणार? मोकळी सुटलेली गाडी वळणात पिसासारखी वागते, मागच्या चाकाला ओढ नसल्यामुळे पुढचं चाक सगळं एकटं करतं. वाचलेलं पेट्रोल घोटभर असतं. कृपया नव्या मुलांना हे सांगू नका.

---

पेट्रोलबचत

मुद्दा पटला.

---

डोंगरवाट

धागा वाचतेय, छान चाललाय. पण सगळे यंत्राबद्दल बोलताय, रस्ता कोणी वाचायचा?

मी ४०० सीसीची जुनी चार सिलिंडरची गाडी चालवते. हँडल खाली, पाय मागे, वजन ठीकठाक. घाटात ब्रेक कमी लागण्याचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे नजर. वळण लागलं की बहुतेक जण पुढच्या चाकासमोरचा डांबराचा तुकडा बघतात. नजर रस्त्याच्या दोन कडा जिथे एकमेकींना मिळताना दिसतात त्या बिंदूवर ठेवा. तो बिंदू तुमच्यापासून लांब पळतोय तर वळण उघडतंय. जागच्या जागी थांबलाय किंवा जवळ येतोय, तर वळण आवळतंय आणि वेग आत्ताच कमी करायला हवा. हे कळलं की शेवटच्या क्षणाचे ब्रेक आपोआप जातात, आणि ड्रमला तापवणारे ब्रेक तेच असतात.

वळणात शिरताना उशिरा वळा. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात उजवं वळण असेल तर आपल्या लेनच्या डाव्या कडेने आत जा, पुढचं दिसेपर्यंत तिथेच राहा, मग गाडी झुकवा. डाव्या वळणाला मध्यरेषेच्या अलीकडे पण तिला चिकटून नाही, कारण समोरून वळण कापत येणाऱ्याचा आरसा आणि आपलं हँडल एकाच जागेवर दावा सांगतात. शर्यतीतली रेषा इथे चालत नाही. तिथे पूर्ण रस्ता आपला असतो.

आणि गाडी झुकवायची कशी, तर ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं हँडल हलकं पुढे ढकलायचं. १९ इंची अरुंद चाकांच्या गाड्या याला फार छान उत्तर देतात. आजच्या रुंद टायरच्या गाडीवरून उतरून यांच्यावर बसलं की पहिल्या दोन वळणांत वाटतं गाडी मनातलं ओळखते.

---

किकमारे

डोंगरवाट ताई, हे वेगळा धागा करून वर पिन करा.

---

अपग्रेडवीर

मी विरुद्ध बाजूने बोलतो. जुन्या काळी लोक ड्रमवर घाट उतरायचे हे खरं. पण तेव्हाचा रस्ता आणि आजचा रस्ता एक नाही. आज तुमच्या पुढे जी मोटार आहे तिला चारी चाकांना डिस्क आणि एबीएस आहे. ती एकदम थांबते. तुम्ही थांबणार नाही. १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० ला पुढे डिस्क दिली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने तेच केलं. कंपन्यांनी खर्च उगाच वाढवला नाही. आरडी ३५० ला यामाहाने डिस्क दिली होती. तीच गाडी १९८३ नंतर राजदूत ३५० म्हणून आली तेव्हा पुढे ड्रम आला, आणि ती चालवणाऱ्यांची पहिली मागणी कायम डिस्कचीच राहिली. इतकं तगडं इंजिन आणि तो ब्रेक, ही जोडी बरोबर नव्हती.

मूळ भाग जपून कपाटात ठेवा, बोल्ट-ऑन बदल करा, उद्या हवं तर परत लावा. गाडी जिवापेक्षा मोठी नाही.

---

जुनं_ते_सोनं

अपग्रेडवीर, तुमची काळजी कळते. पण डिस्क बसवणं म्हणजे नुसती डिस्क नाही. दुसरा फोर्क येतो, त्याची लांबी वेगळी, यॉकचा (फोर्क धरणाऱ्या पट्ट्यांचा) ऑफसेट वेगळा, त्याने ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) बदलतो. गाडी सरळ रस्त्यावर ठीक वाटते आणि वळणात जड होते किंवा चंचल होते. ज्या गुणासाठी आपण ही गाडी घाटात नेतो तोच गुण आपण काढून घेतला.

आणि डिस्क म्हटलं की ब्रेक ऑइल आलं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं असेल तर हीच किमान मर्यादा १५५ अंश. वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलवर घाट उतरलात की नळीत बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखी दबते. ड्रम निदान आधी सांगतो, मी थकतोय म्हणून. हे ऑइल एकदम दगा देतं. डिस्क वाईट असं मी म्हणत नाही, पण तिच्या देखभालीची शिस्त नसेल तर ड्रमच बरा.

---

अपग्रेडवीर

ट्रेलचा मुद्दा मान्य, मोजून बसवला नाही तर गडबड होते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं हेही बरोबर. तरीही आरडीच्या जातीच्या गाडीला मी डिस्कच सुचवेन. धागाकर्त्याच्या ट्विनला ड्रम नीट जमला तर पुरेल, इतपत मी खाली येतो.

---

हिशेबनीस

टायरबद्दल कोणीच बोललं नाही याचं नवल वाटतं. माझ्या मते जुन्या गाडीवर एकच आधुनिक गोष्ट नि:संकोच घ्यावी, ती म्हणजे ताजा टायर. मूळ मापातच, उगाच रुंद नको. रुंद टायरने गाडी वळायला आळशी होते आणि जुन्या अरुंद रिमवर टायरचा आकारही चुकतो.

नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नाही. रबर कडक होतं. वीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ३६ ने गेलात तर गाडी सुमारे २७ अंश झुकते, ४० ने गेलात तर ३२ अंशांच्या आसपास. ताशी चार किलोमीटरला पाच अंश. कडक रबर आणि थोडी वाळू असेल तर तेवढाच फरक पुरतो.

---

थंपरप्रेमी

टायरबरोबर हँडलचा कोन-सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि मागच्या चिमट्याचे बुश पण लिहा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, पुढचं चाक उचला, हँडल हळूच डावी-उजवीकडे न्या. अगदी मध्यावर खाच लागल्यासारखं अडकत असेल तर बॉल रेसर गेलेत. असली गाडी वळणात छोट्या छोट्या तुकड्यांत वळते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

---

पंक्चर_पांडोबा

विषयांतर करतो, पण घाटाचंच आहे. मित्राची जुनी ट्विन लांब चढावर दर थोड्या वेळाने गुदमरायची आणि बंद पडायची. पाच मिनिटं थांबलं की चालू. प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली. कोणीतरी सांगावं.

---

निळा_धूर

पांडोबा, पुढच्या वेळी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडायला सांगा. "फुस्स" असा आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरत नाही. थांबल्यावर हळूहळू हवा शिरते आणि गाडी चालू होते. जुन्या झाकणांत हे फार होतं, रंगकामानंतर तर नक्की.

आवाज आला नाही तर टाकीचा आकार बघा. खोगिरासारख्या टाकीत मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल असतं आणि कॉक एकाच बाजूला. पेट्रोल कमी असलं की दुसऱ्या बाजूचं तिथेच अडकतं. गाडी कॉकच्या बाजूला चांगली आडवी करायची म्हणजे ते इकडे येतं.

---

पंक्चर_पांडोबा

फुस्स झालं! झाकणाचंच होतं. भोकात रंग. मित्र म्हणतो या आनंदात तो आता कारण नसताना घाट चढून येणार.

---

उंचावरचा

उंचीचा विषय निघालाच आहे तर. समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर हवेचा दाब साधारण ७० टक्के उरतो. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जवळपास तेवढंच पेट्रोल देत राहतो. मिश्रण गडद होतं, प्लग काळे पडतात, गाडी ओढत नाही. युरोपात स्टेल्व्हिओ खिंड २७५७ मीटरवर आहे आणि एका बाजूने चढताना ४८ हेअरपिन लागतात, प्रत्येकाला क्रमांकाचा दगड. तिथे जुन्या गाड्या वर पोचेपर्यंत तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येतात, त्यात इंजिनाचा दोष काही नसतो.

वर बरेच दिवस राहणार असाल तर सुई एक खाच खाली घ्या, म्हणजे क्लिप एक खाच वर, किंवा लहान मेन जेट टाका. पण नुसती खिंड ओलांडून दुसऱ्या बाजूला उतरायचं असेल तर हात लावू नका. गडद मिश्रणाने गाडी सुस्त होते, एवढंच. पातळ केलेलं जेट घेऊन खाली दाट हवेत आलात तर इंजिन तापतं, आणि टू-स्ट्रोकला ते पिस्टन जाम होण्याचं आमंत्रण आहे. सुस्ती परवडते.

ज्यांच्याकडे व्हॅक्यूमने पिस्टन उचलणारे कार्बोरेटर आहेत (होंडा सीबी ३५० ला ते १९६८ पासून होते) त्यांना हा त्रास थोडा कमी जाणवतो.

---

नवखा_स्वार

प्रश्न विचारू का? हेअरपिनमध्ये वळता वळता मागचा ब्रेक धरावा की नाही? एक जण म्हणतो कधीच नाही, दुसरा म्हणतो त्याशिवाय जमतच नाही.

---

डोंगरवाट

चढाच्या हेअरपिनला मी धरत नाही. पहिला किंवा दुसरा गिअर, रेस थोडी चालू, क्लचला हात नाही. उताराच्या हेअरपिनला मागचा ब्रेक अगदी हलका, रेसही अगदी हलकी, दोन्ही एकदम. त्याने चेन ताणलेली राहते आणि गाडी झटके देत नाही. जुन्या गाड्यांत रेस बंद-चालू करताना चेनची ढिलाई जाणवते, आणि झुकलेल्या गाडीला तो झटका नको असतो.

---

थंपरप्रेमी

माझं मत वेगळं. मागचा ड्रम एकदा लॉक झाला की उतारावर गाडी आडवी होते, कारण उतारात वजन आधीच पुढे गेलेलं असतं आणि मागचं चाक हलकं झालेलं. नव्या माणसाने ब्रेकिंग सरळ रेषेत संपवावं आणि वळणात दोन्ही ब्रेक सोडावेत. हलका ब्रेक म्हणजे किती हलका, हे पायाला कळायला वर्षं जातात. जाड तळाच्या बुटात तर कळतच नाही.

---

डोंगरवाट

नवख्यासाठी हे बरोबर आहे, थंपरप्रेमी. नवखा_स्वार, आधी त्यांचं ऐक. माझं नंतर.

---

ड्रमपंथी

एक गोष्ट राहिली होती. ट्विन लीडिंग शू पुढे जाताना जोरात धरतो, कारण चाकाच्या फिरण्यानेच दोन्ही शू ड्रममध्ये ओढले जातात. चाक उलटं फिरायला लागलं की तेच शू बाहेर ढकलले जातात. म्हणजे चढावर थांबलात आणि गाडी मागे जायला लागली तर पुढच्या ब्रेकवर विसंबू नका. मागचा ब्रेक धरा, पहिला गिअर टाकून ठेवा. मागे कोणी बसलेलं असेल तर हे आधीच त्यांना सांगा, म्हणजे घाबरून पाय खाली टाकणार नाहीत.

आणि ड्रम खूप तापलेला असताना गाडी थांबवून लिव्हर आवळून धरू नका. चाकाला दगड लावा, ब्रेक सोडा, हवा लागू द्या.

---

किकमारे

मागे बसलेल्यांची आठवण काढलीत ते बरं झालं. माझा मित्र पाठीमागे बसला की प्रत्येक वळणात उलट बाजूला झुकतो. आता मी त्याला सांगून ठेवलंय, वळणाच्या आतल्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे बघ. तेव्हापासून गाडी वळते आणि मैत्रीही टिकलीय.

---

चढणीचा_गडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ड्रमपंथी यांनी सांगितल्याप्रमाणे खडू लावून बघितलं. फक्त मधला पट्टा पुसला गेला होता, तोही एकाच शूवर जास्त. म्हणजे दोन्ही गोष्टी होत्या: ड्रम मारला होता पण शू नव्या मापाला घासले नव्हते, आणि जोडदांडीही जुळलेली नव्हती. आता दोन्ही शू लेथवर ड्रमच्या मापाला घेतले, दांडी सुटी करून दोन्ही कॅम वेगवेगळे टेकवले आणि मग लांबी बांधली. लिव्हर आता निम्म्यातच कडक होते.

मग त्याच घाटाने पुन्हा उतरलो. या वेळी माथ्यावरच तिसऱ्यात टाकली, तीव्र भागात दुसऱ्यात. ब्रेक धरून ठेवला नाही. वळणाआधी सरळ रेषेत एकदा ठाम धरायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात ड्रमला हवा लागते. रेस बंद असताना सायलेन्सरमधून फटफट आवाज येत होता, आरपीएम थोडा चढलेला होता, पण लाल रेषेपासून खूप लांब. खाली पोचल्यावर हबजवळ हात नेला, गरम होता, पण लिव्हर जागेवर होती.

डिस्कचा विचार सध्या बाजूला. अपग्रेडवीर, तुमचा पुढच्या मोटारीचा मुद्दा मात्र पूर्ण घेतलाय. अंतर आता दुप्पट ठेवतो.

एक शंका उरली. पुढचा टायर दिसायला उत्तम आहे, पण आधीच्या मालकाने कधी घातला ते माहीत नाही. वय कसं ओळखायचं?

---

हिशेबनीस

टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतील. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३११२ म्हणजे २०१२ चा एकतिसावा आठवडा. चार नसून तीनच आकडे असतील तर टायर २००० सालच्या आधीचा आहे. मग नक्षी कितीही सुंदर दिसो, आजच काढा.

---

चढणीचा_गडी

तीन आहेत. गाडी स्टँडवर चढवली, नवा टायर मूळ मापात बघतोय. मिळाला की कोणता घेतला ते इथेच लिहितो.

---

थंपरप्रेमी

नवा टायर आला की पहिले शंभरेक किलोमीटर जपून. वरचा थर गुळगुळीत असतो, घाटात लगेच नेऊ नका. आणि ट्यूबही नवी घाला, जुनी परत नको.